न हलणारा काटा

जळगावच्या पिंप्राळ्यात, रेल्वे फाटकाच्या अलीकडच्या गल्लीत प्रेमराज मिस्तरीचं गॅरेज आहे. पाटीवर त्याचं नाव बारीक अक्षरांत आणि त्याखाली ठसठशीत लाल रंगात एक वाक्य: ‘तापणारी गाडी थंड करून मिळेल.’ जळगावात असं लिहायला छाती लागते. मे महिन्यात इथे स्कूटरवर बसायच्या आधी माणूस सीटवर ओलं फडकं टाकतो. अशा गावात गाडी थंड करून देणारा मिस्तरी म्हणजे देवमाणूसच.

त्याचा इलाज एकच होता. इंजिनच्या डोक्यावरची टोपी उघडायची, आतला थर्मोस्टॅट काढून टाकायचा, आणि रेडिएटरमध्ये नळाचं साधं पाणी भरायचं. हा थर्मोस्टॅट म्हणजे डबीएवढा पितळी तुकडा. इंजिन थंड असेतो तो पाणी अडवून धरतो, इंजिन तापलं की उघडतो आणि पाण्याला रेडिएटरची वाट मोकळी करून देतो. प्रेमराजचं म्हणणं असं, की जळगावात इंजिन थंड असतंच कधी? मग हा जकात नाक्यावरचा शिपाई पोसायचा कशाला? काढलेला प्रत्येक थर्मोस्टॅट तो तारेत ओवून गॅरेजच्या दारावर बांधायचा. तीस वर्षांत त्याचं चांगलं लांबलचक तोरण झालं होतं. नवं गिऱ्हाईक आलं की मिस्तरी नुसतं वर बोट दाखवायचा.

त्याच्या स्वतःच्या जीपचा थर्मोस्टॅटही त्याच तोरणात होता. जीप जुनी, बंद टपाची, फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांनी ओढणारी. “माझ्या गाडीचा गरमीचा काटा बघा,” तो चारचौघांत सांगायचा, “भर वैशाखात धुळ्याला जाऊन येतो, तळाचा जागचा हलत नाही.” आणि खरंच हलत नव्हता.

तर अशा या माणसावर पौषात बर्फात जायची वेळ आली.

त्याची एकुलती एक मुलगी सोनल हिमाचलात दिली होती. दिली म्हणण्यापेक्षा तिनंच पसंत केला होता. जावई अनूप नेगी रस्ते खात्यात इंजिनीअर, नेमणूक थंगरी नावाच्या उंचावरच्या वसाहतीत. डिसेंबर लागला आणि सोनलला सातवा सरला. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. त्याच्या बायकोनं, कमलबाईंनी, डिंक आणून ठेवला, जुनी मऊ लुगडी फाडून दुपटी शिवली, बाळंतिणीची खोली पांढरीशुभ्र रंगवून घेतली. आणि एका दुपारी फोन आला. सोनलचं बीपी वाढलंय, डॉक्टरांनी लांबचा प्रवास बंद सांगितलाय.

कमलबाई माजघरात बसून पाचच मिनिटं रडल्या. मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, “पोर माहेरले येवाव नई, ते माहेरच पोरकडे जाई.”

प्रेमराजला वाटलं, आगगाडीनं जाऊ, पुढे टॅक्सी करू. पण सोनल फोनवर वेगळंच बोलली. वसाहतीपासून दवाखाना खाली अडतीस किलोमीटर. अनूपची छोटी गाडी बर्फात नुसती जागच्या जागी फिरते, आणि बर्फ पडलं की पहिलं बोलावणं अनूपलाच येतं. “बाबा, मागच्या वर्षी शेजारच्या भाभीला खाटेवर घालून आठ किलोमीटर नेलं,” ती म्हणाली. “मला भीती वाटते.” सोनल लहानपणी कधी अंधाराला भ्यायली नव्हती. प्रेमराजनं फोन खाली ठेवला, अंगणात गेला आणि जीपवरची ताडपत्री ओढून काढली.

ठरलं असं: चार जानेवारीला निघायचं, अठराला सोनलला घेऊन खाली दवाखान्याजवळ खोली करून राहायचं. बाळंतपणाची तारीख महिनाअखेरची होती.

जावयानं लगेच व्हॉट्सॅपवर यादी पाठवली. अकरा कलमं, हिंदीतून, प्रत्येकाच्या शेवटी ‘पापाजी’. चारही चाकांना बर्फात पकड देणाऱ्या साखळ्या, त्या मी इथून पाठवतो. नवी बॅटरी. फावडं. डिझेल खालून भरून आणू नका, थंडीत थिजतं, डोंगरातल्या पंपावर भरा. आणि सात, आठ, नऊ नंबरला: पाणी गोठू नये म्हणून त्यात निम्मं कूलंट, थर्मोस्टॅट तपासा, हीटर तपासा.

प्रेमराजनं यादी वाचली आणि त्याच्या मिशा फुरफुरल्या. ज्यानं तीस वर्षं गाड्यांची पोटं उघडली, त्याला कालचा पोरगा गाडी शिकवतो! त्यानं उलट उत्तर टाकलं, ‘सब हो गया.’ तेव्हा झालं काहीच नव्हतं. नंतर मात्र त्यानं बाकीची कामं इमानानं केली. बॅटरी बदलली, ब्रेक नवे घातले, चार वर्षं न हललेला फोर-बाय-फोरचा दांडा तेल-ग्रीस पाजून मोकळा केला. पण सात, आठ, नऊ नंबरकडे त्यानं ढुंकूनही बघितलं नाही. पाण्याचा खेळ? तो तर त्याच्या हातचा मळ होता.

साखळ्यांचं पार्सल आलं तेव्हा पोस्टमनची सायकल एका अंगाला कलली होती. प्रेमराजनं गोणपाट सोडलं आणि अंगणात लोखंडाचा ढीग पडला. शेजारच्या कुंदाबाई कंपाउंडवरून डोकावल्या. “गाडी चोरीला जाऊ नये म्हणून का हो, मिस्तरी?” त्यांनी विचारलं. गल्लीत दोन दिवस तोच विनोद चालला.

साखळी चढवायची पद्धत अशी: जाळं चाकावर पसरायचं, आतल्या बाजूनं हात घालून आकडा अडकवायचा, गाडी अर्धा फेरा पुढे घ्यायची, बाहेरचा आकडा लावायचा, ताणायचं. कागदावर सोपं वाटतं. प्रेमराजचा जाडजूड हात चाकामागे जाईना. पहिल्या चाकाला पाऊण तास लागला आणि तोंडानं जे निघालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी कमलबाईंनी बांगड्या वर सारल्या, हात आत घातला आणि चिमटीनं आकडा अडकवला. “सरका,” एवढंच त्या म्हणाल्या.

आता साखळ्या वापरून बघायच्या तर बर्फ हवं. जळगावात बर्फ मिळतं ते उसाच्या रसात. पण खानदेशच्या माणसाला घसरणं काही नवं नाही. ओल्या काळ्या मातीत भलेभले ट्रॅक्टर बुडाले आहेत. कमलबाईंचं माहेर साक्रीजवळचं. त्यांनी भावाला, लोटनला, फोन लावला. “कांदास्ना वावरले रातभर पानी सोड,” त्यांनी सांगितलं. “तुना मेव्हणा गाडी घालनार शे.” लोटनला वाटलं, अक्काचं डोकं फिरलं. पण अक्कापुढे बोलणार कोण?

दोघं पहाटे निघाले. त्या आठवड्यात थंडी अशी होती की मेहरूण तलावावर फिरायला येणाऱ्यांनीही गोधडी सोडली नव्हती. धुळं मागे टाकेपर्यंत कमलबाईंची बोटं निळी पडली.

“हीटर लावा ना. हात गारठी गयात.”

प्रेमराजनं बटण फिरवलं. भोकांतून बाहेरच्याहून गार वारा आला. त्यानं ते गुपचूप बंद केलं. इंजिनचं गरम पाणी हीटरकडे नेणाऱ्या नळ्या त्यानंच बारा वर्षांपूर्वी तोडून एकमेकींना जोडून टाकल्या होत्या. गळतात कशाला उगीच.

कमलबाई स्टिअरिंगमागच्या काट्यांकडे बघत होत्या. “तो काटा काब हालत नई?”

“मनी गाडीना काटा कधीच हालत नई,” प्रेमराजची छाती आपसूक फुगली. “उन्हाळामा बी नई.”

“मंग गरमी येई कोठेन?”

प्रश्न साधा होता, बाईमाणसानं थंडीत विचारावा असा. प्रेमराजनं काट्याच्या काचेवर बोटानं टिचकी मारली. साक्री येईपर्यंत आणखी चारदा मारली. कमलबाईंना वाटलं, काटा अडकलाय.

वावर तयारच होतं. लोटननं बहिणीचं ऐकून पाणी असं सोडलं होतं की बांधावरून पाय टाकताच चप्पल आत राहिली. बिनसाखळीची जीप दहा पावलं गेली आणि चारही चाकं गरगरा फिरवत रुतून बसली. मग गुडघाभर चिखलात नवरा-बायकोनं साखळ्या चढवल्या. दांडा टाकला, पहिला गिअर, आणि गाडी हिसका देत, काळे लपके उडवत बाहेर निघाली. लोटननं टोपी हवेत फेकली. पण पन्नास पावलांवर खळखळ आवाज यायला लागला. साखळी सैल पडून पत्र्यावर आपटत होती.

“साखळी निकामी दिसते,” लोटन म्हणाला.

“नई रे भाऊ,” कमलबाई खाली उतरल्या. “बाज विनी का लगेच झाया का काम? एकदाव बठी देखतस, मंग परत ताणतस.” आणि त्यांनी चारही साखळ्या बाजेची दोरी ओढावी तशा एकेक कडी पुढे ओढून घेतल्या. खळखळ बंद झाली. जावयाच्या कागदावर हेच लिहिलं होतं: शंभर मीटर चालवा, थांबा, पुन्हा ताणा. ते वाचलं होतं दोघांनी, समजलं होतं एकटीला.

लोटन चहा आणायला गेला. प्रेमराजनं बॉनेट उघडलं आणि इंजिनवर पालथा हात ठेवला. दीडशे किलोमीटर रस्ता आणि वर हा चिखल, तरी इंजिन कोमटच. इतकी वर्षं ज्याची फुशारकी मारली, ते त्याच्या हाताखाली होतं आणि पहिल्यांदाच त्याला त्याची भीती वाटली. जळगावच्या साध्या थंडीत जे इंजिन तापत नाही, ते उणे दहात काय तापणार? हीटर नाही म्हणजे काच धुरकटणार, आणि धुरकटलेल्या काचेतून दरीकाठचा रस्ता. शिवाय आत साधं पाणी. रात्रीतून ते गोठलं की फुगणार, आणि फुगलं की इंजिनचं बिडाचं ओतीव अंग तडकणार. ऐन वेळी चावी फिरवावी आणि गाडी मेलेली असावी. मागे सोनल बसलेली.

तो बांधावर बसला. कमलबाई शेजारी येऊन बसल्या तेव्हा त्यानं सगळं सांगितलं, काही न झाकता.

“जावईले काय सांगेल शे?” त्यांनी विचारलं.

“सब हो गया.”

“मंग आते सांगा, व्हयनं नई.”

“कमल, तीस वरीस...” तो अडखळला. “तो काय म्हनी? मिस्तरी सासरा आनि त्याले एवढं समजत नई?”

कमलबाई रागावल्या नाहीत. चिखलानं भरलेले हात त्यांनी ओंजळीसारखे मांडीवर ठेवले होते. “तुम्हले पोर मोठी का पाटी मोठी?” त्यांनी विचारलं.

प्रेमराजनं तिथंच बांधावर बसून फोन लावला. आयुष्यात हजार गिऱ्हाइकांशी तो खोटं बोलला असेल, ‘संध्याकाळी गाडी देतो’ म्हणून. त्याचं त्याला कधी काही वाटलं नाही. पण हे एक खरं सांगताना त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मग अनूप म्हणाला, “पापाजी, बहुत अच्छा हुआ वहीं पता चल गया. मेरे अपने ड्रायवर ने दो साल पहले एक इंजन फोड़ा था, मैंने ही कूलंट चेक नहीं किया था.” प्रेमराजला हा पोरगा त्या दिवशी पहिल्यांदा आवडला.

आता खरी घाई. हीटरच्या नळ्या एका दिवसात जोडून झाल्या, हिरवं कूलंट बाजारात मिळालं. थर्मोस्टॅट मात्र मिळेना. जुनी गाडी, दुकानदार म्हणाला, मागवतो, बारा तारखेपर्यंत येईल. निघायचं होतं चारला. जळगाव, भुसावळ, धुळं, प्रेमराज सगळीकडे फिरला. एका दुकानदारानं तर तोंडावर सांगितलं, “मिस्तरी, या भागात हा माल मी ठेवतच नाही. तुम्ही लोक काढून फेकता, घेतो कोण?” प्रेमराज पायरी उतरला.

घरी येऊन त्यानं शिडी लावली आणि तोरण खाली उतरवलं. त्याच्या गाडीला बसणारे पाच तुकडे निघाले. चालतोय की नाही हे कळायची युक्ती सोपी आहे: उकळत्या पाण्यात टाकायचा, उघडला तर जिवंत. चुलीवर कमलबाईंचा डिंकाच्या लाडवांचा घाट मांडला होता. त्यांनी तुपाची कढई बाजूला सारली आणि एक पातेलं दिलं. “धुईसन टाका,” त्यांनी बजावलं.

पहिला प्रेमराजच्याच जीपचा. पाणी खळखळ उकळलं, तुकडा ढिम्म. जळगावच्या क्षारानं त्याचा दगड केला होता. दुसराही तसाच. तिसऱ्याची स्प्रिंगच गळून पडली. चौथा जरा हलला आणि अडकला. प्रेमराजला बघवेना. तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. पाचवा कमलबाईंनीच सोडला, आणि झारा हातात धरून पातेल्यात बघत उभ्या राहिल्या. बराच वेळ काही नाही.

“ओ!” त्या एकदम ओरडल्या. “उघडना! देखा, उघडना!”

पितळी झाकण अगदी सावकाश वर उचललं जात होतं. बाहेर काढल्यावर निवत निवत ते पुन्हा बंद झालं. त्यांनी तीनदा करून बघितलं आणि तिन्ही वेळा ते उघडलं. प्रेमराजनं आनंदाच्या भरात कच्चाच लाडू तोंडात टाकला.

पण त्या तुकड्यावर पांढऱ्या रंगानं नाव होतं: सिंगा. सातपुड्याच्या पायथ्याला चोपड्याकडे सिंगाचं गाव. तो पाड्यांवरून बाजारात माणसं आणायचा. त्याच्याही जीपचा थर्मोस्टॅट प्रेमराजनंच काढला होता. आता म्हणाल, टाकून दिलेल्या वस्तूला विचारायचं काय? कालपर्यंत प्रेमराजही हेच म्हणाला असता. पण खरं बोलायची सवय वाईट असते, एकदा लागली की सुटत नाही. त्यानं सिंगाला बोलावून घेतलं.

सिंगानं तो तुकडा उलटासुलटा करून पाहिला. “प्रेमराजभाऊ, तू ते बोलना व्हता, बिनकामनी चीज शे.”

“बोलनू व्हतू. चुकनू.” प्रेमराजनं त्याला सगळं समजावून सांगितलं.

सिंगा ऐकता ऐकता डोळे बारीक करत गेला. “म्हनजे हिवाळामा मनी गाडी सकाळे घंटाभर खोकस, धूर सोडस, डिझेल पिस, ते यानामुळे?”

“हो.”

“सात वरीस?”

“हो रे बाबा, सात वरीस!”

सिंगा हसायला लागला. हसून हसून त्याला ठसका लागला. मिस्तरीकडून चूक कबूल होताना पाहणं त्याला बहुधा सात वर्षांच्या डिझेलपेक्षा मोलाचं वाटलं असावं. त्यानं तो तुकडा प्रेमराजच्या तळहातावर ठेवला आणि त्याची बोटं मिटली. “लई जा. पोरनं व्हई जाऊ दे पयले. मंग मनी गाडीमा बसाडी दे.”

चार तारखेला जीप निघाली. मागे दोन डबे लाडू, दुपटी, बाजरीचं पीठ, कळण्याचं पीठ, साखळ्यांचं गोणपाट. सेंधव्याचा घाट चढताना काटा पहिल्यांदा तळातून उठला आणि मध्यावर येऊन थांबला. प्रेमराजनं घाबरून दोनदा गाडी थांबवली. तीस वर्षांची सवय. काटा वर गेला की त्याचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. इंदूर, ग्वाल्हेर, अंबाला. पाचव्या दिवशी ते थंगरीला पोचले. दारात सोनल उभी होती, अंगात दोन स्वेटर, पाय सुजलेले. आईच्या गळ्यात पडून ती लहान मुलीसारखी रडली. प्रेमराज बराच वेळ जीपचे टायर तपासत बाहेरच उभा राहिला. त्याचेही डोळे भरले होते.

तेराला बर्फ सुरू झालं आणि दोन दिवस थांबलं नाही. अनूप बर्फ हटवायचं मशीन घेऊन वरच्या खिंडीत गेला, तिकडे एक बस अडकली होती. ठरलेल्या अठरा तारखेला अजून तीन दिवस होते. पण पोटातल्या जिवाला कुणी तारीख सांगितलेली नसते. संक्रांत त्या वर्षी पंधराला होती; त्या सकाळी कमलबाई तिळगूळ वळत असताना सोनलनं भिंत धरली.

“आई,” ती म्हणाली, “हे वेगळं आहे.”

जीपवर गुडघाभर बर्फ साचलं होतं. रात्री पारा उणे बारावर होता. प्रेमराजनं चावी फिरवली. घरघर आणि शांतता. पुन्हा. तिसऱ्या वेळी इंजिननं एक खोकला काढला, काळा धूर सोडला आणि धरलं. पाणी गोठलं नव्हतं. त्यानं स्टिअरिंगला हात जोडले.

साखळ्या कमलबाईंनी चढवल्या. हातमोजे काढून, उघड्या बोटांनी, बर्फात गुडघे टेकून. साक्रीच्या चिखलात लागला होता त्याच्या निम्मा वेळही लागला नाही. सोनलला मागच्या सीटवर गोधड्यांत गुंडाळून आडवं केलं आणि गाडी निघाली. खालच्या रस्त्यावर पहाटे एकदा मशीन फिरून गेलं होतं, पण वर पुन्हा चार बोटं बर्फ साचलं होतं. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काहीच नाही.

वळण ओलांडलं आणि कमलबाई म्हणाल्या, “थांबा.”

“आते नई!” प्रेमराज जवळजवळ ओरडला. मागे सोनल कण्हत होती.

“थांबा म्हनं. बाज ताणनी शे.”

तो थांबला. कमलबाई खाली उतरून चाकाचाकाशी वाकल्या. मागच्या डाव्या चाकाचा आकडा पार सुटून लोंबत होता. उतारावर तो निघाला असता तर काय झालं असतं, हे दोघांनाही दिसलं. त्यांनी चारही साखळ्या कडी-कडीनं ओढल्या आणि त्या आत येऊन बसल्या.

तिघांच्या श्वासानं काच पांढरी झाली होती. प्रेमराज बाहीनं पुसत होता, पुसलं की पुन्हा साचत होतं. पुढचं वळण दिसेना. त्यानं वेग आणखी कमी केला. हीटरचं बटण पुरतं फिरवलेलं होतं, पण वारा अजून गारच येत होता. त्याच्या मनात आलं, पातेल्यात तापून उघडला खरा, पण इथे इंजिन तापेपर्यंत हा घट्ट बंदही राहत असेल ना? सिंगाचा तुकडा, सात वर्षं उन्हात टांगलेला. आपण पोरीचा जीव एका तोरणावर टांगला.

“काटा,” कमलबाई हळूच म्हणाल्या.

तो उठत होता. तळातून सुटून, एका वेळी केसभर, पहिल्या रेघेपर्यंत, मग तिच्याही वर. भोकांतून आधी कोमट आणि मग ऊन वारा आला. काचेच्या तळाशी एक स्वच्छ पट्टा उमटला आणि वर चढत गेला. त्यातून रस्ता दिसला, वळण दिसलं, वळणापलीकडचं उन्हातलं देवदाराचं रान दिसलं. मागून सोनलनं गोधडीतून एक पाय बाहेर काढला. “बाबा,” ती दमलेल्या आवाजात म्हणाली, “गरम होतंय.”

उभ्या आयुष्यात कुणी त्याच्या गाडीबद्दल ही तक्रार केली की प्रेमराजच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आज त्याच्या गालावरून पाणी ओघळलं आणि मिशांत जिरलं. “होऊ दे, बेटा,” तो म्हणाला. “होऊ दे गरम.”

अडतीस किलोमीटरला सव्वादोन तास लागले. दवाखान्याच्या दारात दोन नर्सांनी सोनलला चाकाच्या खुर्चीत घेतलं, कमलबाई तिच्यासोबत आत गेल्या आणि दार लागलं. प्रेमराज जीपमध्येच बसून राहिला. आत जाऊन करणार काय? जे येत होतं ते करून झालं होतं. त्यानं इंजिन मात्र चालू ठेवलं आणि काट्याकडे बघत बसला. काटा मधल्या रेघेवर होता.

दुपार झाली. कुणीतरी काचेवर टकटक केलं. कमलबाई उभ्या होत्या, पदर विस्कटलेला, बोटांवर साखळीचे लाल ओरखडे, आणि चेहरा असा की विचारायची गरज नव्हती.

“नात व्हयनी,” त्या म्हणाल्या. “दोन्ही खुशाल शेत. रडस बी कशी, बठ्ठा दवाखाना गाजी ऱ्हायना.” मग त्यांना इंजिनची घरघर ऐकू आली. “अजून चालूच शे? बंद करा ना आते.”

“राहू दे,” प्रेमराज म्हणाला. “नात बाहेर येई तवय गाडी गरम पाहिजे.”

“अहो, दोन दिन तिले सोडाव नईत!”

“तरी बी राहू दे थोडा वखत.”

कमलबाईंनी कपाळाला हात लावला. मग काय मनात आलं कोण जाणे, त्या दुसऱ्या बाजूनं दार उघडून आत येऊन बसल्या आणि ओरखडलेले हात त्यांनी गरम वाऱ्यासमोर धरले. ‘तापणारी गाडी थंड करून मिळेल’वाला मिस्तरी शेजारी बसून, गाडी गरम झाली हे सांगायला सिंगाला फोन लावत होता.